गाठ कुठल्या जातीची, ते आधी विचारा

कुरुंदवाडच्या बाजारपेठेत, एसटी स्टँडवर किंवा वाडीच्या पुलावर कुणी एवढंच सांगावं, की अमक्याच्या पोराला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, वय बत्तीस. पुढचं बोलणं ठरलेलं आहे. पहिला विचारतो, "वडत हुता काय?" नाही म्हटलं की दुसरा सांगतो, "मग खतं आणि औषधं. आपला तालुकाच कॅन्सरचा झालाय." तिसरा म्हणतो, "माळकरी घर, कुणाचं वाईट केलं नाही. नशीब, दुसरं काय." तिघंही मनापासून हळहळत असतात आणि तिघांनाही आपलं उत्तर पुरेसं वाटतं.

माझा वाद या तिन्ही उत्तरांशी आहे. ती साफ खोटी आहेत असं मी म्हणत नाही. प्रत्येकात थोडं खरं आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. पण तिन्ही उत्तरं कारणाविषयी आहेत, आणि कारण सापडलं असं वाटलं की माणूस पुढे विचारायचा थांबतो. त्या पोराला कुठल्या गोळ्या लागू पडतील, तो आणखी काही वर्षं घरात, शेतात वावरेल की काही महिन्यांत जाईल, हे ज्या प्रश्नावर ठरतं तो प्रश्न पुलावर कुणी विचारतच नाही. गाठ कुठल्या जातीची आहे, आणि तिच्यातलं कुठलं जनुक बिघडलंय?

आधी व्यसनाचं पाहू. तंबाखूच्या बाबतीत मी तसूभरही मवाळ नाही. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये लंडनमधल्या रुग्णांच्या अभ्यासातून सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचं नातं दाखवलं. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत ते कुणाला मोडता आलेलं नाही. बिडीलाही ते लागू आहे. जगभर या रोगाचं सगळ्यात मोठं कारण आजही तंबाखूचा धूरच आहे. पण आपल्याकडचे आकडे जरा नीट वाचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यांत बिडी-सिगारेट ओढणारे किती? एकूण प्रौढांच्या ३.८ टक्के. बायकांमध्ये तर जेमतेम १.४ टक्के. आपला माणूस तंबाखू मळून खातो, आपल्याकडच्या बायका मिसरी लावतात. त्याचं नुकसान मुख्यतः तोंडात आणि घशात दिसतं, आणि तो आपल्याकडचा फार मोठा प्रश्न आहे. मात्र तिशी-पस्तिशीतल्या, कधी बिडी हातात न धरलेल्या बाईच्या फुप्फुसातली गाठ त्यातून उलगडत नाही.

हा रोग तरुणपणी होणाऱ्या माणसांचं चित्र आता बरंच स्पष्ट आहे, आणि ते आपल्या मनातल्या, खोकत बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्याच्या चित्राशी जुळत नाही. या रुग्णांत बायकांचं प्रमाण जास्त असतं. कधीच न ओढलेल्यांचंही जास्त असतं. गाठ बहुतेक वेळा अॅडेनोकार्सिनोमा या जातीची असते. ती फुप्फुसाच्या कडेच्या भागात वाढते, मोठ्या श्वासनलिकांपासून लांब. त्यामुळे खोकला उशिरा येतो, रक्त त्याहून उशिरा पडतं, आणि रोग कळतो तेव्हा तो पुष्कळदा हाडांत, मेंदूत किंवा फुप्फुसाच्या आवरणात पोचलेला असतो. खांदा दुखतो म्हणून मालिश, पाठ दुखते म्हणून पट्टा, डोकं दुखतं म्हणून चष्म्याचा नंबर, अशा वाटांनी फिरून हा रुग्ण शेवटी छातीच्या फोटोपाशी येतो. अमेरिकेत २०१८ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात तरुण बायकांमधलं या रोगाचं प्रमाण त्याच वयाच्या पुरुषांहून जास्त आढळलं, आणि ओढण्याच्या सवयीतल्या फरकानं ते पूर्ण स्पष्ट होत नव्हतं.

चाळिशीच्या आत हा रोग विरळाच आहे, हेही सांगायला हवं. मी कुणाला भिववायला बसलेलो नाही. भारतात २०२२ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण असावेत असा जागतिक कर्करोग संस्थेचा अंदाज आहे, आणि त्यांतले बहुसंख्य पन्नाशी-साठीचे आहेत. तरीही आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी दिसतो. आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे त्याचं एक कारण. पण ज्या घरात तो येतो तिथे कर्ता माणूस किंवा लहान लेकरांची आई आजारी पडते.

२०१९ मध्ये कोरियातल्या शास्त्रज्ञांनी केलेलं एक काम मला फार महत्त्वाचं वाटतं. न ओढणाऱ्यांच्या गाठींमध्ये जनुकांचे तुकडे तुटून भलतीकडे जोडलेले सापडतात. अशा गाठींतल्या बदलांचा माग काढत त्यांनी हिशेब मांडला, की ही तोडमोड पुष्कळदा आयुष्याच्या पहिल्या एक-दोन दशकांतच झालेली असते. गाठ दिसते पस्तिशीत, पण तिची सुरुवात शाळकरी वयातली असू शकते. मग "वडत हुता काय" हा प्रश्न त्या माणसाला विचारून आपण काय मिळवतो? शाळेत असताना फुप्फुसातल्या एका पेशीत काय घडलं, याचा जाब आपण त्याला विचारत असतो. पॉल कलानिधी हा भारतीय वंशाचा अमेरिकी मेंदूशल्यविशारद २०१५ मध्ये वयाच्या ३७ व्या वर्षी याच रोगानं गेला. तो ओढत नव्हता. त्याचं आत्मचरित्र जगभर वाचलं गेलं, त्यामुळे निदान वाचकांच्या जगात हे चित्र थोडं बदललं. आपल्याकडे अजून रुग्णाच्या घरचे लोक दारात आलेल्या पाहुण्याला आधी निर्व्यसनीपणाची ग्वाही देतात आणि मग आजार सांगतात. काही जण आजार सांगतच नाहीत. "छातीत पाणी झालंय" एवढ्यावर महिनोन्महिने भागवतात. आणि ज्यानं खरंच बिडी ओढली, त्यानं तरी ही चौकशी का सोसावी? त्यालाही तितकीच तातडीची तपासणी आणि तितकेच चांगले उपचार मिळायला हवेत.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. न ओढणाऱ्यांनाही होतो असं सांगत सुटलात तर ओढणारा म्हणेल, मग सोडून काय उपयोग? निपाणी आणि जयसिंगपूरच्या तंबाखू पेठा इथून लांब नाहीत. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८१ मध्ये निपाणीला आंदोलन झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांनी जीव गमावला. या पिकावर इथली घरं उभी राहिली आहेत, त्यामुळे त्याच्या बाजूनं बोलणारे कायम भेटतील. त्यांना उत्तर असं. ब्रिटनमध्ये रिचर्ड पीटो आणि डॉल यांनी २००० मध्ये दाखवलं, की तिशीच्या आत सोडणाऱ्याचा तंबाखूमुळे येणारा फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ९० टक्क्यांहून जास्त टळतो, आणि पन्नाशीत सोडली तरी मोठा फायदा होतो. शिवाय धूर ओढणाऱ्यापुरता राहत नाही. ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये जपानमधल्या, स्वतः न ओढणाऱ्या ९० हजारांहून जास्त बायकांची माहिती छापली. ज्यांचे नवरे भरपूर सिगारेट ओढत होते त्या बायकांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू जास्त होते. तेव्हा सोप्यात बसून बिडी ओढणाऱ्यानं घरातल्या बाईच्या गाठीला नशीब म्हणू नये. तंबाखू सोडा, हे मी शंभर वेळा सांगेन. पण न ओढणाऱ्याला हा रोग होत नाही, हे मी एकदाही म्हणणार नाही, कारण त्या वाक्यानं डॉक्टरपर्यंत जायला उशीर होतो.

आता खतं आणि औषधं. इथे मला सावकाश बोलावं लागेल, कारण या उत्तरामागे खरा राग आहे आणि तो राग मलाही आहे. पंचगंगेत काय काय सोडलं जातं ते कुरुंदवाडकराला कुणी सांगायला नको. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेले मासे आणि जलपर्णीचे थर आपण डोळ्यांनी पाहिलेत. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. उसाला अति पाणी आणि अति खत देऊन शिरोळ तालुक्यातली जमीन क्षारपड झाली. यातला एक शब्दही खोटा नाही. पण यावरून "फुप्फुसाचा कॅन्सर खतामुळेच" हे वाक्य निघत नाही, आणि जे निघत नाही ते ठणकावून सांगितलं की प्रदूषण करणाऱ्यालाच ते खोडून काढायची सोय होते.

पहिली गोष्ट, आपला तालुका कॅन्सरचा आहे हे आपण कशावरून म्हणतो? माणसं जास्त दिसतात यावरून. ती खरंच जास्त आहेत का, हे समजायला दरवर्षी किती नवे रुग्ण, कुठल्या वयाचे, कुठल्या अवयवाचे, अशी लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी लागते. २०२० च्या राष्ट्रीय अहवालात देशभरातल्या २८ नोंदण्या आहेत. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी. कोल्हापूर नाही. बार्शीसारख्या ग्रामीण भागात १९८७ पासून ही नोंदणी चालते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. मग साखर कारखाने, सूतगिरण्या आणि दूध संघ उभे करणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यानं ही मागणी लावून का धरू नये?

मोजल्यावर काय होतं याचं उदाहरण पंजाबात आहे. भटिंड्याच्या भागातून बिकानेरला उपचारासाठी जाणाऱ्या रेल्वेला तिथले लोक कॅन्सर ट्रेन म्हणू लागले. कापसावरची औषधं हेच कारण, हे सगळ्या देशानं गृहीत धरलं. २०१३ च्या सुमारास टाटा मेमोरियलच्या मदतीनं चंदीगड, मोहाली, संगरूर आणि मानसा इथे नोंदण्या सुरू झाल्या. शेतीप्रधान संगरूर-मानसापेक्षा चंदीगड-मोहालीत कॅन्सरचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे पंजाबातल्या त्या माळवा भागातल्या शेतकऱ्याचं दुःख खोटं होतं असं नाही. गावाकडे निदानच कमी होतं, दवाखाना लांब असतो, माणूस उशिरा पोचतो, ही शक्यताही त्या आकड्यांत दडलेली आहे. पण आपल्याला ठाऊक आहे असं जे वाटत होतं ते मोजल्यावर तसं राहिलं नाही.

दुसरी गोष्ट, फवारणीची औषधं निरुपद्रवी आहेत असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये डायझिनॉन या कीटकनाशकाला मानवात बहुधा कॅन्सरकारक ठरवलं, आणि त्यात फुप्फुसाच्या कॅन्सरविषयी मर्यादित पुरावा असल्याचंही नोंदवलं. पंप पाठीवर घेऊन, तोंडाला फडकंही न बांधता फवारणाऱ्या मजुराचं संरक्षण झालंच पाहिजे. पण त्याच संस्थेच्या यादीत ज्या गोष्टींचा पुरावा सगळ्यात पक्का आहे, त्यांची नावं आपल्या कट्ट्यावर निघत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. लोखंड-पोलाद ओतण्याचं काम, म्हणजे आपल्या भाषेत फौंड्री, पहिल्या, म्हणजे पक्क्या पुराव्याच्या गटात आहे. सिलिकाची बारीक धूळ पहिल्या गटात. वेल्डिंगचा धूर २०१७ पासून पहिल्या गटात. डिझेलचा धूर २०१२ पासून. अॅस्बेस्टॉस तर केव्हापासूनच. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्यांत आपल्या भागातली किती पोरं सतराव्या-अठराव्या वर्षी रुजू होतात? साचा झाडताना उडणारी वाळूची धूळ त्यांच्या छातीत जाते. या धुळीचा परिणाम बहुधा वीस-तीस वर्षांनी दिसतो, त्यामुळे पंचविशीतल्या गाठीचं खापर तिच्यावर फोडता येणार नाही. पण आज अठरा वर्षांच्या असलेल्या पोराच्या पन्नाशीचा प्रश्न आजच्या मास्कशी, धूळ ओढून घेणाऱ्या पंख्याशी आणि कारखाना निरीक्षकाच्या भेटीशी बांधलेला आहे. महापुरानंतर घरं सावरताना सिमेंटचे जुने पत्रे फोडणाऱ्या, कापणाऱ्या माणसांनाही कुणी सांगितलं नाही की ती धूळ नाकात जाऊ देऊ नका. आणि उलट बाजूनं, इचलकरंजीच्या मागावर उडणाऱ्या सुताच्या कसपटानं दमा-खोकला होतो, फुप्फुसं खराब होतात, तरी फुप्फुसाच्या कॅन्सरशी त्याचं नातं तसं सिद्ध झालेलं नाही. सगळी धूळ सारखी नसते.

मग हवेचं काय? बाहेरच्या प्रदूषित हवेला २०१३ मध्ये पहिल्या गटात टाकलं गेलं. २०२३ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतल्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटानं ती नेमकं काय करते याचा एक धागा उलगडला. निरोगी माणसाच्या फुप्फुसातही काही पेशींत ईजीएफआर या जनुकातला बिघाड आधीच असू शकतो. त्या पेशी वर्षानुवर्षं गप्प राहतात. हवेतले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात सूज आणतात आणि त्या सुजेमुळे गप्प बसलेल्या पेशी वाढू लागतात. हे वाचलं तेव्हा मला आपल्या शिवारातला पाचटाचा जाळ आठवला. तोडणी झाली की संध्याकाळी फड पेटतात आणि आलास, बस्तवाड, हेरवाडपर्यंत धूर खाली बसून राहतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणासमोर दिवसभर चिपाडाचा जाळ घालणारा माणूस, आणि घरोघरी पहाटे पेटणारे पाणी तापवायचे बंब. उज्ज्वलाचा सिलिंडर स्वयंपाकाला आला, पण आंघोळीचं पाणी अजून शेणी, खोडक्या आणि हाताला लागेल त्या प्लॅस्टिकवर तापतं. घरातल्या लाकूडफाट्याच्या धुराला कर्करोग संस्थेनं बहुधा कॅन्सरकारक म्हटलंय. पाचट न जाळता सरीत कुजवलं तर जमीनही सुधारते, हे सांगणारे शेतकरी आपल्याच तालुक्यात आहेत. तेव्हा जो गडी "खतामुळे झालं" म्हणतो, त्यानं या हंगामात स्वतःचा फड पेटवू नये. त्याच्या हातातला सगळ्यात जवळचा उपाय तोच आहे.

आणि तरीही हे सगळं कारणांचंच बोलणं झालं. नदीची लढाई लढा, नोंदणीची मागणी करा, फौंड्रीतल्या पोराला मास्क मिळवून द्या. पण आज ज्या घरात बत्तीस वर्षांचा माणूस खोकतो आहे, त्याच्या छातीचा फोटो या लढायांच्या निकालासाठी थांबू शकत नाही.

म्हणून तिसऱ्या उत्तराकडे येतो, नशिबाकडे. हे उत्तर सगळ्यात मऊ शब्दांत येतं आणि सगळ्यात जास्त माणसं मारतं. कारण त्यामागे अशी समजूत आहे की फुप्फुसाचा कॅन्सर झाला म्हणजे संपलं. वीस वर्षांपूर्वी असं म्हणणाऱ्याला मी फार दोष दिला नसता. पण २००४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलं, की काही रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर हे जनुक दिव्याचं बटण चालू अवस्थेत अडकावं तसं अडकलेलं असतं, आणि ते बंद करणारी गोळी त्यांना विलक्षण लागू पडते. २००७ मध्ये जपानच्या हिरोयुकी मानो यांच्या गटानं एएलके हे दुसरं जनुक शोधलं. पुढे आरओएस-१ आणि आणखी काही सापडली. भारतातल्या अॅडेनोकार्सिनोमाच्या रुग्णांत साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शात ईजीएफआरचा बिघाड सापडतो. एएलके एकूण रुग्णांत थोडाच असतो, पण तरुण आणि न ओढणाऱ्यांत त्याचं प्रमाण वाढतं. बोस्टनच्या डेना-फार्बर संस्थेनं २०१६ मध्ये २,२३७ रुग्णांचा अभ्यास छापला. वय जितकं कमी तितकी, गोळीनं धरता येईल असा बिघाड सापडण्याची शक्यता जास्त, असं त्यात दिसलं. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट दिसली, ती जिवाला लागणारी आहे. सगळ्यात तरुण रुग्ण तरीही लवकर दगावत होते.

एएलके बिघाड असलेल्या, पसरलेल्या रोगाच्या रुग्णांना लॉर्लाटिनिब ही गोळी दिली तेव्हा पाच वर्षांनंतरही ६० टक्के रुग्णांत रोग पुढे सरकलेला नव्हता. आधीच्या पिढीच्या गोळीवर हेच प्रमाण ८ टक्के होतं. हे निष्कर्ष २०२४ चे. आणि फार लांब कशाला, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईजीएफआर बिघाडाच्या ३५० रुग्णांवर प्रयोग केला. निम्म्यांना नुसती जेफिटिनिबची गोळी, निम्म्यांना गोळीबरोबर केमो. २०२० मध्ये छापलेल्या निकालात, रोग आटोक्यात राहण्याचा मध्य काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. जेफिटिनिब आता देशी कंपन्या बनवतात आणि महिन्याचा खर्च काही हजारांत बसतो. हा रोग मुळापासून बरा होतो असं मी म्हणत नाही. पसरलेला रोग बहुतेकदा परत येतो. पण सहा महिने आणि पाच वर्षं यांत एका लेकराचं बालपण असतं.

या गोळ्या जनुक तपासल्याशिवाय देता येत नाहीत. आणि तपासायला गाठीचा पुरेसा तुकडा लागतो. इथे आपल्याकडे घोळ होतो. सुईनं थोड्या पेशी काढल्या, रिपोर्टात कॅन्सर आला, घाईनं केमो सुरू केली, आणि जनुक तपासायला नमुनाच उरला नाही. कधी महागडी इम्युनोथेरपी सुचवली जाते आणि घरचे शेत गहाण टाकायला निघतात. ईजीएफआर किंवा एएलकेच्या गाठीवर ती इम्युनोथेरपी बहुधा फारशी चालत नाही, आणि तिच्यामागोमाग गोळी सुरू केली तर फुप्फुसाला अपायही होऊ शकतो. तेव्हा रुग्णाच्या भावानं, बायकोनं, मेव्हण्यानं मिरजेला किंवा कोल्हापूरला डॉक्टरांसमोर बसल्यावर विचारायचं ते हे: तुकडा जनुकीय तपासणीला पुरेल एवढा घेतलाय ना? ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ तपासायला पाठवलंय ना? रुग्ण तगून असेल तर रिपोर्ट येईपर्यंत थांबता येईल का? तुकडा काढण्यासारखी स्थिती नसेल तर रक्तातून तपासता येईल का? आणि लॅबमधले ब्लॉक आणि स्लाइड आपल्या ताब्यात जपून ठेवायचे. पुढे मुंबईला टाटात जायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागतात.

पण या सगळ्याच्या आधी एक दार आहे आणि तरुण रुग्ण तिथेच अडकतो. टीबी. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेला १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं. पुढे सांगली आणि मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं, ती वानलेसवाडी. या पट्ट्यातल्या कित्येक पिढ्या छातीचा आजार म्हणजे टीबी हेच शिकत आल्या आहेत. डॉक्टरांनाही मी सहजासहजी दोष देणार नाही. आपल्याकडे तिशीतला माणूस खोकत, वजन घटवत, छातीत पाणी घेऊन आला तर तो टीबीच असण्याची शक्यता खरोखर जास्त असते. पहिला विचार टीबीचा करणं हे शहाणपणाचंच आहे. माझा वाद दुसरा विचार न करण्याशी आहे. थुंकीत जंतू सापडला नाही, जनुकीय यंत्रावरही सापडला नाही, छातीतल्या पाण्यातलं एडीए हे टीबीकडे बोट दाखवणारं द्रव्य जरा वाढलेलं दिसलं, एवढ्यावर गोळ्या सुरू होतात. सुरुवातीला थोडं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. "गोळ्या सहा महिन्यांच्या असतात, दम धरा," असं सगळे सांगतात. या सहा महिन्यांत गाठ थांबत नाही. फुप्फुसाच्या आवरणातलं पाणी काढलं तर ते टीबीच्या तपासणीबरोबरच पेशींच्या तपासणीलाही गेलं पाहिजे. पाणी लालसर असेल किंवा काढूनही पुन्हा भरत असेल तर ही तपासणी एकदा करून थांबू नये. आणि टीबी सापडला म्हणजे कॅन्सर नाही, असंही नसतं. दोन्ही एका फुप्फुसात राहू शकतात.

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं टीबी शोधायची शंभर दिवसांची मोहीम सुरू केली, हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रं गावोगाव फिरली. चांगलं काम आहे. पण ज्याच्या फोटोत डाग दिसला आणि टीबीची तपासणी कोरी आली, तो माणूस पुढे कुठे जातो? त्याला सीटी स्कॅनची तारीख देऊनच घरी पाठवायला हवं.

कुणी म्हणेल, मग सगळ्यांचेच सीटी स्कॅन करा की, गावात शिबिर घेऊ. तेही नको. कमी किरणांचा सीटी दरवर्षी काढण्याची अमेरिकेतली शिफारस ५० ते ८० वयाच्या, रोज एका पाकिटाप्रमाणे वीस वर्षं ओढल्याएवढा हिशेब भरणाऱ्यांसाठी आहे. तैवाननं २०२२ पासून घरात कुणाला हा रोग झालेल्यांनाही त्यात घेतलं, कारण तिथे न ओढणाऱ्यांत तो फार आहे. आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रण इतक्या फुप्फुसांत आहेत की धट्ट्याकट्ट्या पंचविशीतल्या पोरांचे सीटी काढत बसलो तर निरुपद्रवी डागांत सुया घालण्यात पैसा जाईल आणि माणसं घाबरतील. शिबिरं भरवून फोटो छापून आणणाऱ्यांनी तोच खर्च लक्षणं असलेल्या माणसाच्या तपासणीला द्यावा. लक्षणं म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त खोकला, थुंकीत रक्त, विनाकारण घटलेलं वजन, बसलेला आवाज, एकाच जागी सतत दुखणारं हाड, पूर्वी कधी न आलेली फीट. घरात आई-वडील किंवा भावंडापैकी कुणाला हा रोग झाला असेल तर तेही डॉक्टरला आधी सांगावं.

पैशाचं उत्तर अजून अर्धवट आहे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ऑसिमर्टिनिब या ईजीएफआरवरच्या नव्या गोळीचं सीमाशुल्क माफ झालं, तरी ती सामान्य घराच्या आवाक्याबाहेरच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कवच ५ लाखांपर्यंत गेलंय. त्या योजनेत फुप्फुसाच्या गाठीची जनुकीय तपासणी आणि तिच्यावर ठरणारी गोळी, दोन्हींचा स्पष्ट शब्दांत उल्लेख असावा आणि त्यांचे पैसे वेळेत मिळावेत, ही मागणी शिरोळच्या आमदारांपासून जिल्हा परिषदेपर्यंत प्रत्येकाकडे करता येते. उसाच्या पहिल्या उचलीसाठी रस्ता अडवणारा तालुका आहे हा. मागायचं कसं ते आपल्याला शिकवावं लागत नाही.

तोपर्यंत, ज्या घरात टीबीच्या गोळ्या चालू होऊन दोन महिने झाले आहेत, जंतू कधी सापडलेला नाही, आणि खोकला व वजन दोन्ही होते तिथेच आहेत, त्या घरानं गोळ्या मनानं बंद न करता, तिसऱ्या महिन्याची पाकिटं आणायला जाताना पहिला आणि आजचा असे छातीचे दोन्ही फोटो बरोबर न्यावेत, डॉक्टरांसमोर शेजारी शेजारी ठेवावेत आणि सीटी व तुकड्याच्या तपासणीची चिठ्ठी त्याच दिवशी मागून घ्यावी.